शंभर रात्रींच्या बोलीवर गादी

काशीराम मयेकरांनी आयुष्यात घाईने असं काही केलं नव्हतं. लग्नासाठी तीन वर्षं मुली बघितल्या. घराची कौलं काढून स्लॅब घालावा की नाही, यावर अकरा वर्षं विचार केला (कौलं अजून आहेत). आणि सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात चौतीस वर्षं काढली, जिथे घाई करणाऱ्याची सगळ्यात आधी बदली होते. त्यामुळे एप्रिल सरता सरता एका सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवून "पाऊस लागायच्या आत नवी गादी घ्यायची" असं जाहीर केलं, तेव्हा राजश्रीबाईंनी पुढे होऊन त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

पण ताप वगैरे काही नव्हता. गेल्या गणपतीत मोदकांचं पातेलं उचलताना राजश्रीबाईंच्या कमरेत उसण भरली होती आणि पाहुणी म्हणून आलेली ती उसण तिथेच राहिली होती. पलंगावरची गादी सावरीच्या कापसाची, लग्नातली. तिच्यात एक खोल खड्डा पडला होता. खड्डा काशीरामांच्या बाजूचा आणि काशीरामांच्याच वजनाचा, पण त्यात घरंगळू नये म्हणून रात्रभर पलंगाची कड धरून झोपायच्या राजश्रीबाई. दिवाळीनंतर त्यांनी तो नाद सोडला आणि चटई घेऊन माजघरात जमिनीवर गेल्या. तिथेही त्यांना धड झोप लागत नव्हतीच. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती आणि दुपारी भाजी चिरता चिरता त्यांना डुलकी येई.

इथपर्यंतचं दुखणं डॉक्टरांना ठाऊक होतं. काशीरामांचं दुखणं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. एकोणतीस वर्षं त्यांची एक सवय होती. पलंगावर आडवं झालं की दिवसभराचं सगळं बायकोला सांगायचं. कुठलं पत्र कुठे अडकलं, कोण कुणावर उखडलं, आणि एकदा जावक विभागाचा गोल शिक्का हरवला तेव्हा तो कसा शोधला. ही शिक्क्याची हकीकत म्हणजे त्यांच्या नोकरीतलं सोनेरी पान होतं. राजश्रीबाई ऐकायच्या आणि "हं" म्हणायच्या. त्या एका "हं"च्या जोरावर काशीरामांनी सहा साहेब सोसले. आता दोघांच्या मध्ये माजघराची भिंत आली होती. त्यांनी एक-दोनदा भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने सांगून बघितलं, तर सकाळी शेजारचा महिपत भाटकर कुंपणावरून म्हणाला, "काय रे काशा, त्या शिक्क्याचा पुढे काय झाला?"

बायको परत आपल्या शेजारी झोपायला हवी, एवढंच त्यांना हवं होतं. पण साठीतल्या निवृत्त माणसाने हे तोंडाने कसं बोलायचं? म्हणून ते गादी म्हणाले.

डॉक्टरांनीही दुजोरा दिला. "पावसात जमिनीला ओल सुटते, तिथे झोपायचं नाही. कापसाची गादी नको. मेमरी फोमची घ्या. मऊ हवी, पण कमरेला आधार देणारी हवी." मऊ आणि तरी आधार देणारी अशी वस्तू चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत काशीरामांच्या पाहण्यात आली नव्हती. तरी ते दुसऱ्याच दिवशी राजश्रीबाईंना घेऊन शहरात गाद्यांच्या मोठ्या दुकानात गेले.

दुकानदार अगत्यशील होता. "काकी, झोपून बघा," तो म्हणाला. राजश्रीबाईंनी दुकानात नजर फिरवली. तीन पुरुष गिऱ्हाइकं, एक पंखा दुरुस्त करणारा, आणि रस्त्यावरून आरपार दिसेल अशी काच. "मी घरी जाऊन झोपेन," त्या म्हणाल्या, आणि फणस पिकलाय का ते बघावं तशी त्यांनी गादीवर दोन ठिकाणी टिचकी मारली. गादीतून आवाज आला नाही. तेव्हा राहता राहिले काशीराम. त्यांनी चपला काढल्या, खिशातली पाकीट-चष्मा ही मालमत्ता राजश्रीबाईंकडे सोपवली आणि ते आडवे झाले. वस्तू पारखायची तर नीट पारखावी, म्हणून डोळेही मिटले. खरोखरच बरं वाटत होतं.

"मयेकर साहेब ना?" डोक्यावरून आवाज आला. एक गृहस्थ वाकून बघत होते. "ओळखलं नाहीत? माझी फाइल होती तुमच्याकडे. दीड वर्ष." मग ते दुकानदाराकडे वळून कौतुकाने म्हणाले, "यांना मी नेहमी असंच बघितलंय. तेव्हा खुर्ची होती, एवढंच."

दुकान हसलं. पंखेवाला शिडीवरून हसला. काशीरामांना त्या सगळ्यांचं काही वाटलं नाही, पण राजश्रीबाईही तोंडाला पदर लावून हसल्या, ते त्यांना लागलं. कचेरीत ते कधी झोपले नव्हते. जेवणानंतर विचार करताना डोळे मिटायची त्यांना सवय होती, ती गोष्ट वेगळी. त्यांनी चपला घातल्या आणि इथे वस्तू फार महाग आहेत असं मोठ्याने म्हणत ते बाहेर पडले. किंमत त्यांनी विचारलीच नव्हती.

गादीची बातमी वाडीत आधीच पोचली होती. महिपत सल्ला द्यायला हजर होता. महिपत एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला, आणि सूर्यसुद्धा आपल्याला विचारून उगवतो अशी त्याची समजूत होती. "गादी कशाला हवी रे? मी दापोलीच्या डेपोत बारा वर्षं लाकडी बाकड्यावर निजलो. माझी कंबर बघ," असं म्हणून त्याने पाठ फिरवली, तर सदऱ्याखालून कमरेचा पट्टा दिसत होता. "तो वेगळ्या कारणासाठी आहे," महिपत म्हणाला आणि कारण न सांगता घरी गेला.

शेवटी पुण्याच्या मृणालीने, म्हणजे मयेकरांच्या मुलीने, फोनवर निकाल लावला. "बाबा, ऑनलाइन मागवते. शंभर रात्री झोपून बघायचं. नाही पटली तर ते परत घेऊन जातात."

काशीरामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "शंभर रात्री झोपलेली गादी परत घेतात? मग ती पुढे कुणाला देतात?"

"ते तुम्ही नका बघू. तुम्ही फक्त पलंग मोजा."

आता या पलंगाविषयी सांगायला हवं. पलंग फणसाच्या लाकडाचा. काशीरामांच्या वडिलांनी परसातला फणस पाडून, धोंडू सुताराच्या बापाला महिनाभर घरी जेवू घालून तो खोलीतच करवून घेतला होता. खोलीच्या दारातून तो कधी आत गेला नव्हता आणि कधी बाहेर येणार नव्हता. चारी बाजूंनी चार बोटं उंच कठडे, डोक्याशी कोरलेला मोर. काशीरामांनी त्याला आजवर एक खिळा मारू दिला नव्हता. मच्छरदाणीसुद्धा भिंतीला बांधलेली. मृणाली लहानपणी त्यावर उडी मारायची तेव्हा काशीराम आधी पलंगाकडे बघायचे आणि मग तिच्याकडे.

त्यांनी पलंग तीनदा मोजला. महिपतला साक्षीला बोलावलं, टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत अठ्ठ्याहत्तर इंच, आणि आडवा बहात्तर. मृणाली खूश झाली, "बाबा, अगदी किंग साइझ आहे." काशीरामांची मान ताठ झाली. वडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी ओटीवर बसून जे माप सांगितलं, ते आता कंपन्या वापरत होत्या. त्यांनी हे संध्याकाळपर्यंत चार घरी सांगितलं.

आठ दिवसांनी मोबाइलवर संदेश आला. 'ग्राहक घरी आढळला नाही.' काशीराम तेव्हा सकाळी सातपासून पडवीत बसलेले होते. त्यांनी आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून केली होती. दुसऱ्या दिवशी तोच संदेश. तिसऱ्या दिवशीही तेच, तेव्हा ते स्वतः कुरिअरच्या कचेरीत गेले. खिडकीपलीकडच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "पत्त्यात 'वडाच्या पाराच्या मागे' लिहिलंय. गाडीवाल्याला वड सापडला नाही."

"अहो, वड तीनशे वर्षांचा आहे."

"मॅपवर नाही," बाई म्हणाल्या. "उद्या या."

काशीराम खिडकीशी खिळून उभे राहिले. हे दोन शब्द ते स्वतः चौतीस वर्षं बोलले होते, पण खिडकीच्या या बाजूने ते कसे ऐकू येतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना ते दुकानातले दीड वर्षवाले गृहस्थ आठवले आणि जरा शरमल्यासारखं झालं. ते दुसऱ्या दिवशी गेले. तेव्हा ओटीपी लागतो असं कळलं, आणि ओटीपी मृणालीच्या फोनवर जातो, आणि मृणाली मीटिंगमध्ये असते. ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो. पहिले दोन शिळे झाले. तिसरा मिळाला तेव्हा बाईंचं जेवण चालू होतं. काशीरामांनी बाकड्यावर बसून वाट पाहिली आणि या वेळी डोळे मात्र मिटले नाहीत.

खोकं माणसाएवढं उंच निघालं. वाडीतला बाळा आपला टेंपो रिकामा घेऊन परत चालला होता, त्यात ते घातलं. टेंपो रोज पहाटे मिरकरवाड्याहून मासळी वाहतो हे काशीरामांना ठाऊक होतं, पण खोकं बंद आहे आणि वाट थोडी आहे असा त्यांनी हिशेब केला. बांगड्याला वाट थोडी की फार हे कळत नाही. अंगणात खोकं उतरवलं तेव्हा आधी शेजारची दोन मांजरं आली.

"आत नेऊ नका," राजश्रीबाई म्हणाल्या. "आधी ऊन दाखवा." वैशाखात गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवतात, नव्या-जुन्याचा भेद करत नाहीत. तोवर वाडी जमलीच होती. महिपत घरून नारळ घेऊन आला. गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्याने एसटीची नवी गाडीसुद्धा कधी सोडली नव्हती. त्याने खोक्यासमोर उभं राहून डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज या काशीरामाच्या घरात पुण्यावरनं गादी आली हाय. तिच्यावर जो निजेल त्याची कंबर सरळ रव्हू दे. कुणाची नजर लागू नको. आणि काय कमी-जास्त असेल तर ता शंभर दिवसांच्या आत दाखव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली. देवाने शंभर दिवस घेतले नाहीत, तासाभरातच दाखवलं. पण ते पुढे.

प्लॅस्टिक कापल्याबरोबर गादीने लांब श्वास घेतला आणि ती आपणहून उलगडून फुगायला लागली. माणसं दोन पावलं मागे सरली. "जिती हाय काय गो ही?" शेजारच्या सोनूबाईंनी विचारलं. सोनूबाई ऐंशीच्या, आणि वाडीत कुणाचीही कंबर धरली की तेल चोळायला त्याच येत. गादी निपचित पडली अशी खात्री झाल्यावर त्याच सगळ्यांच्या आधी तिच्यावर आडव्या झाल्या. मग महिपत झोपून बघून म्हणाला, "चांगली हाय, पण बाकड्याची सर नाय." मग बाळा टेंपोवाला, मग त्याची बायको, मग वाटेने जाणारे दोघे. राजश्रीबाई तेवढ्या झोपल्या नाहीत. चारचौघांत आडवं व्हायचं नाही हा त्यांचा नियम अंगणालाही लागू होता.

सहा जणांनी गादी खोलीत नेली आणि पलंगावर ठेवली. ती पलंगात बसली नाही. दोन्ही कठड्यांवर टेकून मधे उंच झाली, ओढ्यावरच्या साकवासारखी. महिपतने एका बाजूने दाबली तर दुसऱ्या बाजूने वर आली. बाळा मधे बसला तेव्हा दोन्ही कडा वर आल्या आणि बाळा दिसेनासा झाला. काशीरामांनी टेप मागवला. पलंग कडेपासून कडेपर्यंत अठ्ठ्याहत्तर भरत होताच. कठड्यांच्या आतून मात्र तो पंच्याहत्तर होता. दीड-दीड इंचाचे कठडे त्यांनी तीनही वेळा मापात धरले होते, साक्षीदारासकट.

साक्षीदार नारळाचं खोबरं वाटायला बाहेर गेला होता. "मोजलं होतंत ना?" राजश्रीबाईंनी इतकंच विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच काशीरामांनी पलंगाला पुन्हा टेप लावला.

मग कंपनीला फोन झाला. पलीकडची मुलगी हिंदीत विचारत होती, गद्दे में क्या प्रॉब्लेम है. काशीराम खोटं बोलणारे नव्हते. "गादी एकदम बराबर है. पलंग छोटा है."

"सर, पलंग तो हमने नहीं दिया."

हे काशीरामांना मान्य करावं लागलं. तरी शंभर रात्रींची बोली होती, तेव्हा आठ दिवसांत माणूस येऊन गादी घेऊन जाईल असं ठरलं. अट एकच, गादीला डाग नको. महिपतने आधी ती पुन्हा गुंडाळून खोक्यात घालायचा उद्योग केला. चौघे तिच्यावर बसले, पाचव्याने सुंभ आवळला, आणि गाठ मारायच्या आधी गादी उलगडली ती महिपतला घेऊनच. त्या दिवसापासून त्याचा पट्टा सदऱ्याच्या वरून दिसू लागला. शेवटी दोन बाकडी जोडून गादी पडवीत ठेवली आणि काशीरामांनी तिच्यावर कचेरीच्या अक्षरात कागद लावला, 'परत जाणारी वस्तू. बसू नये.'

पाचव्या दिवशी दोघांना मालगुंडला लग्नाला जावं लागलं. राजश्रीबाईंच्या माहेरचं लग्न, टाळता येण्यासारखं नव्हतं. एसटीच्या खड्ड्यांतून परत यायला संध्याकाळ झाली. वाटेत मळभ आलं होतं, चार थेंबही पडले होते. अंगणात पाऊल ठेवलं आणि काशीराम थांबले. पडवीत गादी दिसत नव्हती. गादीच्या जागी लालभडक असं काहीतरी पसरलेलं होतं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओळीने नीट मांडलेलं. कोकमाची सोलं होती ती. आगळात, म्हणजे कोकमाच्या रसात, बुडवून ओली ओली काढलेली.

"मळभ आलां म्हनून पळत आनली गो," सोनूबाई पडवीच्या पायरीवर बसून सांगत होत्या. "माझ्या दारात पानी गळता. तुमच्या हितं बघते तं येवडा सपाट मांडून ठेवलेला. मना वाटला, वाळवनालाच ठेवलाव." कागद त्यांनी जपून बाजूला काढून ठेवला होता आणि तो उडू नये म्हणून त्यावर आडसर नारळ ठेवला होता. त्यांना अक्षर येत नव्हतं.

कोकमाचा डाग माणसाबरोबर सरणावर जातो हे काशीरामांना ठाऊक होतं. त्यांचं डोकं तापलं. चौतीस वर्षांत ज्या ज्या माणसावर ओरडायचं राहून गेलं होतं त्या सगळ्यांची बेरीज त्यांच्या तोंडाशी आली. ते बोलायला वळले तेव्हा त्यांना राजश्रीबाई दिसल्या. एका हाताने पडवीचा खांब धरून आणि दुसरा कमरेवर दाबून त्या उभ्या होत्या. लग्नातली साडी, केसात सुकलेला गजरा, आणि चेहरा थकून एवढासा झालेला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "सोनूबाईंना काही बोलू नका. माझं काय, मी जाते आपली चटईवर."

काशीरामांचा राग उतरला. "राहू द्या" हे या घरात त्याच नेहमी म्हणत आल्या होत्या. स्लॅब राहू द्या, मिक्सर राहू द्या, कड मला राहू द्या. इतकी वर्षं त्यांनी पलंगाची कड धरली आणि आपण पलंगाचे कठडे जपले. काशीरामांनी सोनूबाईंची सोलं त्यांना स्वतः भरून दिली आणि तडक धोंडू सुताराकडे गेले.

धोंडू सकाळी हत्यारं घेऊन आला, पलंगाला फेरी मारली आणि करवत खाली ठेवली. "मयेकरानूं, ह्यो माझ्या बापाच्या हातचा पलंग. मी ह्याला करवत लावनार नाय."

"अरे, पलंग माझा आहे."

"पलंग तुमचा, काम बापाचा. मना लिवून द्या."

काशीराम टेबलाशी बसले. लिहून देणं हा त्यांचा प्रांत होता, आणि निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी त्यांच्याकडे ते मागितलं होतं. विषय: फणसाच्या पलंगाचे कठडे काढणेबाबत. संदर्भ: पत्नीची कंबर. उपरोक्त विषयास अनुसरून, सदर कठडे काढणेस निम्नस्वाक्षरीकाराची हरकत नाही, पुढे काही उद्भवल्यास सुतार जबाबदार राहणार नाही. धोंडूने कागद उलटसुलट करून बघितला. "सही हाय. शिक्का कुठाय?" शिक्क्याचं नाव निघताच काशीरामांनी पेनाला टोपण लावलं. मग धोंडू म्हणाला, "पयला हात तुमचा."

काशीरामांनी करवत हातात घेतली. मोराकडे बघायचं टाळलं. मनात वडिलांना म्हणाले, बाबा, रागावू नका, आईच्या पाठीला तेल लावायला तुम्ही स्वतः पाट मांडून द्यायचात. आणि त्यांनी करवत ओढली. पिवळा भुसा पडला, पन्नास वर्षांच्या लाकडातून ताज्या फणसाचा वास आला. दोन बोटं खोल चीर गेली तेव्हा त्यांना घाम फुटला होता आणि दारात उभ्या राजश्रीबाई बघत होत्या.

"थांबा, थांबा," धोंडू कठड्याखाली डोकं घालून म्हणाला. त्याने बोटाने चाचपलं. "ह्या तं खुंट्या हायत. खालनं ठोकल्या की कठडा सुटतो. बाप माझा शाना होता." त्याने खालून चार ठोके दिले आणि पन्नास वर्षांचा कठडा अलगद हातात आला. मग दुसरा, मग बाकीचे. करवतीची मुळी गरजच नव्हती. काशीरामांनी विचारायला तोंड उघडलं की मग आधी का नाही बघितलंस, पण कागदावर 'सुतार जबाबदार राहणार नाही' असं त्यांनीच लिहून दिलं होतं.

गादी पलंगावर बसली ती जन्मापासून तिथेच असल्यासारखी. डागाची बाजू पायाशी केली, वर चादर घातली. सुटलेल्या कठड्यांचं धोंडूने जाता जाता खिडकीबाहेर एक बाकडं ठोकून दिलं. एका फळीला चीर होती, तिच्यावर महिपत ताबडतोब जाऊन बसला. लाकडी बाकड्यासारखं सुख नाही, असं तो म्हणाला.

दुपारची जेवणं झाली. राजश्रीबाईंनी खोलीचं दार लोटलं, गादीवर आधी बसून बघितलं, मग कुशीवर झाल्या, मग हळूहळू पाठीवर. कमरेखाली हात घालून त्यांनी चाचपलं. गादी मऊ होती आणि खालून धरूनही होती. काशीराम पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, परीक्षेच्या निकालाला थांबावं तसे अंग चोरून आडवे झाले होते.

"बरी आहे," राजश्रीबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सांगा ना काहीतरी. किती महिने झाले, काही सांगितलं नाहीत."

काशीरामांना हेच हवं होतं. पण सांगणार काय? कचेरी सुटून दीड वर्ष झालं होतं. मग त्यांनी घसा साफ केला आणि शिक्क्याची हकीकत काढली. मार्च महिना, तपासणी तोंडावर, आणि जावक विभागाचा गोल शिक्का जागेवर नाही.

"हं," राजश्रीबाई म्हणाल्या.

सहा महिन्यांनी तो "हं" ऐकून काशीरामांना हुरूप आला. शिपायावर संशय कसा आला, कपाटं कशी उपसली, साहेब कसे तांबडेलाल झाले. "हं." दुसरा जरा उशिरा आला. तिसरा अर्धाच आला. "आणि मग मी खिडकीतून खाली बघितलं, तर काय असेल सांग बघू?" काशीराम थांबले. हा प्रश्न ते नेहमी विचारत, आणि नेहमी आपणच उत्तर देत. आज त्यांनी मान वळवून बघितलं.

राजश्रीबाई गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, कपाळावर एक आठी नाही.

काशीराम बघत राहिले. त्यांच्या ध्यानात आलं की शिक्का कुठे सापडला हे राजश्रीबाईंना आजवर माहीत नाही. महिपतलासुद्धा हकीकत अर्धीच माहीत होती. एकोणतीस वर्षांतले सगळे "हं" त्यांनी मनात एकेक करून उलगडले आणि त्यातले कितीसे जागेपणीचे असतील याचा अदमास घेतला. दुकानातल्या हसण्यापेक्षा हे जास्त लागण्यासारखं होतं. ते गप्प झाले.

खोलीत शांतता झाल्याबरोबर राजश्रीबाईंच्या कपाळावर आठी आली. झोपेतच त्यांचा हात कमरेकडे गेला, त्या कूस बदलू लागल्या. सहा महिने माजघरात त्या का जागत होत्या ते काशीरामांना कळलं.

"मार्च महिना होता," त्यांनी घाईघाईने सुरू केलं. राजश्रीबाईंचा हात सैल पडला. खिडकीबाहेर महिपतचं बाकडं हळूच भिंतीजवळ सरकल्याचा आवाज आला. काशीरामांनी आवाज आणखी खाली आणला आणि शिक्का पुन्हा पहिल्यापासून हरवायला घेतला.